काळी काच विकू नका, गारवा विका



कार ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, फिल्मच्या कामात मार्जिन चांगलं आहे ना?" मार्जिन आहे. जागा कमी लागते, माल कपाटात मावतो, हत्यारं म्हणजे स्प्रेची बाटली, रबरी स्क्वीजी, कटर आणि हीट गन. हात बसला की दिवसाला दोन-तीन गाड्या होतात. पण या धंद्यात नवा माणूस फसतो तो कामात नाही, तर ग्राहकाच्या एका वाक्यात: "थोडी काळीच मारा हो, पोलिसांचं मी बघतो."

माझं मत स्पष्ट आहे. हे वाक्य ऐकून ज्याने रोल उलगडला, त्याने धंदा सुरू केला नाही, उधारीवर कटकट विकत घेतली.

आधी कायदा, मग रोल

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०० पाठ करा. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के. प्रकाश किती आत येतो, याच्या या मापाला व्हीएलटी म्हणतात. २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने यापुढे जाऊन सांगितलं की काचेवर कुठल्याही टक्क्याची काळी फिल्म किंवा दुसरं काही चिकटवायचंच नाही. नुसतं चलान करून थांबू नका, फिल्म काढून टाका, असंही पोलिसांना बजावलं.

पुढे नियमात बदल झाला. एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत 'सेफ्टी ग्लेझिंग' हा शब्द आला. त्याच्या आधारे सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने म्हटलं की बीआयएसच्या मानकात बसणारी आणि ७०-५० ची मर्यादा पाळणारी फिल्म लावली, तर दंड करता येणार नाही.

हे ऐकून काही जण लगेच पाटी लावतात: "फिल्म आता कायदेशीर!" थांबा. तो निकाल केरळचा आहे. तुमच्या नाक्यावरच्या हवालदाराच्या डोक्यात २०१२ चा आदेश पक्का बसलाय आणि सर्वोच्च न्यायालयाचा आदेश म्हणून तो त्याचंच ऐकणार. त्यामुळे महाराष्ट्रात दुकान चालवताना "चलान होणार नाही" अशी हमी कुणालाही देऊ नका. लेखी नको, तोंडीही नको. ग्राहकाला दोन्ही बाजू सांगा आणि निर्णय त्याच्यावर सोडा.

हा गुणाकार शिका

नव्या दुकानदारांपैकी बहुतेकांना हे माहीतच नसतं. रोलवर '७०' लिहिलंय म्हणजे काचेतून ७० टक्के प्रकाश येईल असं नाही. कंपनीतून आलेली काचही थोडा प्रकाश अडवतेच. समजा बाजूच्या काचेचं स्वतःचं माप ७५ आहे. त्यावर ७० ची फिल्म लावली, तर ०.७५ गुणिले ०.७०, म्हणजे साधारण ५२. टक्क्याच्या हिशोबात काठावर पास. त्याच काचेवर ६० ची लावली, तर ४५. नापास!

आता पुढची काच घ्या. तिचंही माप ७५ धरा. ९० ची, म्हणजे जवळपास पारदर्शक फिल्म लावली तरी हिशोब ६७ वर येतो. ७० च्या खाली गेलाच. म्हणून पुढच्या काचेला हात लावण्याआधी दहा वेळा विचार करा. हा झाला अंदाज. खरं माप मीटरच सांगतं. दुकानाची सजावट नंतर करा, एलईडी बोर्ड नंतर लावा, आधी व्हीएलटी मीटर घ्या. फिल्म लावण्याआधी रीडिंग, लावल्यावर रीडिंग, दोन्ही बिलावर. तुमच्या शेजारच्या दुकानात हे कुणी करत नसेल, तर तीच तुमची जाहिरात.

काळं म्हणजे थंड नव्हे

ग्राहक काळी फिल्म मागतो, पण त्याला खरं काय हवंय ते विचारा. दहापैकी बरेच जण सांगतील, "गाडी तापते हो." चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात ४५ अंशाला उन्हात उभी केलेली गाडी काय होते, ते तिथल्या माणसाला सांगायला नको.

उन्हाच्या ऊर्जेतला साधारण निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांचा असतो. स्वस्त रंगीत फिल्म मुख्यतः दिसणारा उजेड अडवते. डोळ्यांना गार वाटतं, पण फिल्म आणि काच स्वतः तापतात आणि त्यातली बरीच उष्णता आत सोडतात. वर दोन-तीन उन्हाळ्यांत रंग जांभळा पडतो, फुगे येतात. चांगली सिरॅमिक फिल्म दिसायला जवळपास पारदर्शक असूनही इन्फ्रारेडचा मोठा भाग अडवते. धातूचा थर असलेली फिल्मही उष्णता परतवते, पण फास्टॅग, जीपीएस आणि मोबाइलच्या सिग्नलला ती अडथळा करू शकते. टोलनाक्यावर फास्टॅग वाचला गेला नाही की ग्राहक शिवी टोलवाल्याला देत नाही, तुम्हाला देतो.

माल घेताना एक सावधगिरी. विक्रेता दिव्यासमोर फिल्म धरून दाखवतो, "हात लावून बघा, गरमच लागत नाही!" तो दिवा मुख्यतः इन्फ्रारेड फेकतो, ऊन तसं नसतं. '९९ टक्के आयआर' हा आकडाही कधी कधी किरणांच्या एका छोट्या पट्ट्यापुरताच असतो. तुम्ही टीएसईआर विचारा, म्हणजे उन्हाची एकूण किती ऊर्जा अडते तो आकडा. तो लेखी देत नसेल, तर माल घेऊ नका.

"मग ग्राहक शेजारी जाईल की!"

जाईल. जाऊ द्या. हिशोब करू. समजा काळी फिल्म लावून तुम्हाला पंधराशे रुपये सुटले. महिन्याने नाकाबंदीत पोलिसांनी ती ओरबाडून काढली. आता तो माणूस तुमच्या काउंटरवर उभा आहे आणि चार नवे ग्राहक ऐकतायत. काचेवरचा गोंद साफ करायला अर्धा दिवस गेला, मागच्या काचेच्या डिफॉगरची तार ब्लेडने तुटली तर ते भांडण वेगळंच. पंधराशे कुठे राहिले?

"अमक्या नेत्याच्या गाडीला काळी काच आहे" हा युक्तिवादही रोज ऐकाल. त्या नेत्याची गाडी अडवायची की नाही, ते पोलीस बघतील. तुमच्या ग्राहकाची गाडी अडवली जाते, एवढं तुम्हाला पुरे.

तुमचा ग्राहक दुसरा आहे. लहान मुलं घेऊन फिरणारं कुटुंब, दिवसभर उन्हात फिरणारा एमआर, चार गाड्यांचा ट्रॅव्हल्सवाला. यांना रुबाब नको, गारवा हवाय आणि चलान परवडत नाही. त्यांच्याशी बोलताना फिल्मपासून सुरुवातच करू नका. आधी एसीचा केबिन फिल्टर उघडून दाखवा. तो धुळीने भरला असेल तर निम्मी तक्रार तिथेच मिटते. गाडी उभी असताना लावायचा चंदेरी सनशेड द्या. "चालू करण्याआधी काढा" हे न विसरता सांगा. एवढ्यावर भागलं तर फिल्म विकूच नका. आज तीनशेचं बिल झालं, पण तो माणूस पुढच्या वेळी सीट कव्हरसाठी दुसरीकडे जाणार नाही.

आणि एवढं करूनही फिल्म हवीच असेल, तर बीआयएस मानकाची कागदपत्रं असलेला माल, मीटरचं रीडिंग, पक्कं बिल आणि धोक्याची स्पष्ट कल्पना. या चारपैकी एक जरी नसेल, तर रोल कपाटातच राहू द्या.

या आठवड्याचं काम

दुकान टाकायच्या विचारात असाल, तर आपल्या भागातल्या तीन फिल्मवाल्यांकडे ग्राहक बनून जा. एकच विचारा: "लावल्यावर माझ्या काचेचं रीडिंग किती येईल?" किती जण मीटर काढतात आणि किती जण नुसते हसतात, ते वहीत लिहा. जितके हसतील, तितकी तुमच्यासाठी बाजारात जागा मोकळी आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर मीटरची किंमत काढून ठेवा.