सामना चालू, टीव्ही बंद

वर्गात 'करार' शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या. डॉजर्स हा अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसचा बेसबॉल संघ. 2013 मध्ये त्याने टाइम वॉर्नर केबलशी करार केला : 25 वर्षे, 835 कोटी डॉलर. म्हणजे वर्षाला किती? (हा भागाकार मुलांकडूनच करून घ्या.) 2014 मध्ये संघाची नवी वाहिनी सुरू झाली, पण दर जास्त म्हणून डायरेक्टीव्हीसारख्या कंपन्यांनी ती घेतलीच नाही. शहरातल्या अर्ध्याहून अधिक घरांत सामने दिसेनासे झाले. तिढा सुटायला 2020 उजाडलं.

काहीजण म्हणतील, संघाला पैसा तर मिळाला, स्टेडियमही भरत होतं. खरंय. पण स्टेडियममध्ये जातो तो आधीच चाहता झालेला माणूस. 2014 साली आठ वर्षांचं असलेलं पोर तोवर चौदाचं झालं. आजोबांशेजारी बसून खेळ समजून घ्यायची त्याची वर्षं गेली ना! माझ्या मते काही सामने मोफत वाहिनीवर दाखवायची अट करारातच हवी होती. अशक्य नव्हतं ते. 1950 पासून समालोचन करणारे विन स्कली 2016 मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांचे शेवटचे काही सामने केटीएलए या मोफत वाहिनीवर दाखवलेच की.