बर्फावरील हॉकी

नातू मिशिगन विद्यापीठांत शिकावयास गेल्यापासून तेथील बर्फावरच्या हॉकीची काळजी आम्हांसही लागली. तिकडील सायंकाळचे सामने आपल्याकडे पहांटे येतात. राष्ट्रीय स्पर्धेंत संघ अवघे 16; त्यांतील 6 जागा निरनिराळ्या गटांच्या विजेत्यांस, बाकीच्या साऱ्या हंगामाच्या गणितावर. म्हणून मागच्या एखाद्या संघानें आपला गट जिंकला, कीं कांठावरच्याचें पान वाढतांवाढतां उचललें जातें! 1948 ची पहिली स्पर्धा जिंकणारा मिशिगनचा संघ मार्च 2025 मध्यें आपल्या गटांत लौकर हरला. पुढचे दोन आठवडे हा साठी उलटलेला शिक्षक अनोळखी पोरांचा पराभव चिंतीत पहांटे जागत होता. संघ राहिला तो बाहेरच.

“आजोबा, निजलां नाहीं का?” नातवानें विचारलें.

संध्येसाठीं उठलों होतों, म्हणालों.