गाईला पदवी दिली, चारा कोण देणार?

वाडीकरांनो, अमरावती रोडवर ट्रकच्या रांगेत बसलेल्या गाई आपण रोज पाहतो. हॉर्न मारतो, मालकाला शिव्या घालतो, फोटो टाकून नगरपरिषदेला टॅग करतो. मालकाचं चुकतंच, दूध काढून गाय रोडवर सोडणं ही फुकटेगिरीच आहे. पण तिला चरायला नेणार कुठं, हे कोणी विचारत नाही.

२०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. ३० सप्टेंबर २०२४ ला सरकारनं देशी गाईला राज्यमाता जाहीर केलं, गोशाळेतल्या देशी गाईमागं रोज ५० रुपये मंजूर केले. जनावर वाचलं, चांगलं झालं. पण ते खाईल काय बापा? सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आपण शहीद गोवारींचं नाव दिलं. पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखणाऱ्या त्या समाजाच्या चराईच्या जागेचा विषय मात्र कोणाच्याच भाषणात नाही.

"गायरान उरलंच कुठं?" असं म्हणणारे येतीलच. अहो, जिथं उरलं तिथंही आपण ते मारतो. मृगाचा पाऊस पडून गवत बोटभर वर आलं की सारी गुरं आत! गवत पुन्हा फुटतं ते मुळात अन् बुडख्यात साठवलेल्या ताकदीवर. ती भरून यायच्या आत परत तोंड लागलं की मूळ आखडतं. काही वर्षांत मारवेल, पवन्या संपतात अन् माजतो तरोटा, ज्याला गाय तोंड लावत नाही.

मग कुठं कुठं तार ठोकून 'चराईबंदी'चा बोर्ड लागतो. तेही चूकच. ना चारलेलं ना कापलेलं गवत दिवाळीनंतर नुसती काडी होते. कस जातो, अन् उन्हाळ्यात एका विडीनं सारं पेटतं. गवताला उसंत द्यायची म्हणजे कायमचं कुलूप लावायचं नाही.

गायरानाचे चार भाग करा. एक भाग पूर्ण पावसाळा राखा. बी झडल्यावरच गुरं सोडा. उरलेल्या तिघांत पंधरा-पंधरा दिवसांची पाळी लावा, म्हणजे प्रत्येकाला महिनाभर उसंत मिळते. पुढच्या वर्षी राखायचा भाग बदला. हिवरेबाजारनं मोकाट चराई थांबवली, पण गवत कापून न्यायची मुभा ठेवली. तिथं चाराही वाढला अन् दूधही.

आता मागणी सरळ आहे. वाडी अन् आजूबाजूच्या गावांच्या निस्तारपत्रकात चराईची जमीन किती लिहिली आहे आणि आज जागेवर किती आहे, हे तहसील कार्यालयानं जाहीर करावं. जी उरली असेल तिची पाळी गुराख्यांना सोबत बसवून ठरवावी.

निवडणुकीत गाईचं नाव घेऊन जो दारात येईल, त्याला हाच आकडा विचारा. सांगता आला नाही तर चहा पाजा अन् परत पाठवा.