मुर्ग आणि मृग

'शहामृग' हा शब्द प्रथमच ऐकणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढे बहुधा एखादे हरीण उभे राहते. मृग म्हणजे हरीण. तेव्हा शहामृग म्हणजे हरणांचा राजा, असा तर्क तो करतो. चित्र पाहिल्यावर मात्र तो चकित होतो. हा तर दोन पायांचा, पिसांचा पक्षी! मग याला मृग कोणी म्हटले?

हे कोडे फारसी भाषा उलगडते. फारसीत या पक्ष्याला 'शुतुरमुर्ग' म्हणतात. 'शुतुर' म्हणजे उंट आणि 'मुर्ग' म्हणजे पक्षी. नाव किती समर्पक आहे पाहा! मान उंटासारखी लांब आणि पायाला बोटेही उंटासारखी दोनच. याला उडता येत नाही. पण ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने हा धावतो. इराणी लोकांची याच्यावर एक मार्मिक म्हण आहे. ओझे वाहा म्हटले, की शहामृग म्हणतो, "मी पक्षी आहे", उड म्हटले, की म्हणतो, "मी उंट आहे!" कामचुकार माणसाला शोभणारीच ही म्हण आहे.

आज इराणात नुसते 'मुर्ग' म्हटले, तर बहुधा कोंबडी असाच अर्थ घेतात. आपल्याकडे मात्र या मुर्गाचा मृग झाला.

कोणी म्हणेल, "असले परके शब्द मराठीत हवेत कशाला? काढून टाका ते!" मला हे पटत नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, ते योग्यच होते. कारण फारसी शब्दांच्या गर्दीत राज्यकारभारातील आपले शब्द लोपत चालले होते. शहामृगाने मात्र आपल्या कोणत्याही शब्दाला घराबाहेर काढलेले नाही. जो पक्षी आज आपल्या रानांत आढळत नाही, त्याचे नाव बाहेरून आले, तर बिघडले कोठे?

शिवाय, हा शब्द खरोखरच परका आहे काय? संस्कृत आणि इराणची प्राचीन भाषा या सख्ख्या बहिणी. फारसीतील 'शुतुर' आणि संस्कृतातील 'उष्ट्र' हे एकाच मुळातून आले, असे भाषापंडित सांगतात. 'मुर्ग' आणि 'मृग' यांचेही तसेच आहे. संस्कृतात मृग म्हणजे केवळ हरीण नव्हे, तर रानातील कोणताही पशू. म्हणूनच सिंहाला मृगेंद्र आणि शिकारीला मृगया म्हणतात. तिकडे इराणात तोच शब्द पक्ष्याला लाभला.

म्हणजे मुर्गाचा मृग झाला, तेव्हा हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेले दोन भाऊच नकळत एकमेकांना भेटले! म्हणून दारी आलेल्या शब्दाला परका म्हणून घालवून देण्यापूर्वी त्याचे कूळ अवश्य विचारावे. कदाचित तो आपल्याच घरचा निघेल.