दुःख कुणाचे, सांगायचे कुणी?

‘मन मोकळे करा, हलके वाटेल’ हा वडीलधाऱ्यांचा उपदेश आता मोबाइलने आपल्याकडे घेतला आहे. आजारपण, मोडलेला संसार, घरातला मृत्यू, सारे फेसबुकवर मांडावे आणि किती अंगठे उमटले ते मोजीत बसावे! या उपदेशाला शास्त्राचा आधार आहे, असे त्याचे समर्थक ठासून सांगतात. तो आधार जरा तपासून पाहू.

१९८६ साली पेनेबेकर व बील या अमेरिकन संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटे, जिव्हारी लागलेल्या प्रसंगावर लिहायला लावले. लिहून होताच त्यांचे मन अधिकच खिन्न झाले. पुढच्या महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या घटल्या. पण ते लिखाण चव्हाट्यावर टांगलेले नव्हते आणि त्याखाली शेरे मारायला कुणी टपलेले नव्हते, हे सोयीस्करपणे विसरले जाते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली, तीही सोसून झाल्यावर कित्येक वर्षांनी.

सांगणे वाईट, असे माझे म्हणणे नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी आत होते. डब्यांतून बाहेर आलेल्या चित्रफिती हा मदतीचा धावा होता, आणि तो धावा ज्यांचा जीव टांगणीला लागला होता त्यांचाच होता.

ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच बदलापुरात दोन चिमुरड्यांवर शाळेत अत्याचार झाल्याचे उघड झाले. २० तारखेला संतप्त लोकांनी स्थानकात कित्येक तास गाड्या रोखल्या. पालकांची तक्रार नोंदवून घ्यायला पोलिसांनी विलंब लावला, म्हणून लोक रस्त्यावर आले हे नाकारता येणार नाही. उच्च न्यायालयानेही स्वतःहून दखल घेऊन पोलिसांना फटकारले. परंतु गाड्या रोखणे निराळे आणि त्या लेकरांची वेदना बोटाच्या टोकाने पुढे ढकलणे निराळे. अफवा पसरल्या, इंटरनेट बंद करावे लागले. ज्यांचा हा अनुभव, त्यांना तो सांगायचा आहे काय, हे कुणी विचारले? ज्या आईबापांना एका अधिकाऱ्याने वेळेवर ऐकायला हवे होते, त्यांच्या वाट्याला लाखोंची कुजबुज आली.

पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. ‘पोक्सो’च्या कलम २३ नुसारही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या लोकलमध्ये रोज शेजारी बसणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांच्या चालकांनी तरी असा मजकूर दिसताक्षणी काढून टाकावा.