बंद घाट आणि हौशी प्रवासी

भोरहून वरंध घाटानें महाडास उतरावयाचें ठरलें, कीं आमच्या सुशिक्षित कुटुंबांत खल होतो तो धबधब्यांचा आणि भज्यांचा. रस्ता चालू आहे कीं नाहीं, ही चौकशी मोटार नीरा-देवघरच्या जलाशयाकांठीं पोंचल्यावर! अलीकडे पावसाळ्यांत दरडींच्या भयानें हा घाट बंद ठेवण्याचे हुकूम निघत आले आहेत. ते म्हणजे जणूं आपल्या सुटीवर सरकारची धाड, असें समजून अडथळ्याच्या बाजूनें गाडी काढणारे महाभाग आम्हीं पाहिले आहेत. माथ्यावर पुणें जिल्हा संपून रायगड लागतो खरा. पण दरड कांहीं हद्द पाहून कोसळत नाहीं.

मावळे हे घाट उतरतच होते, असें कोणी म्हणेल. वेल्ह्याकडील मढे घाटानें तानाजी मालुसऱ्यांचा देह १६७० सालीं उमरठ्यास नेला, असें परंपरा सांगते. पण तो महिना माघ होता, आषाढ नव्हे! आणि चिखलांत रुतलेली मोटार काढावयास वाटेवरच्या वाड्यांतील माणसांनीं भातलावणी सोडून कां धांवावें? निघण्यापूर्वीं भोरांत विचारावें. घाट बंद असल्यास भाटघरचें धरण पाहून मुकाट्यानें घरीं परतावें.