डाव्या हाताचा मोजा

दिवाळी सरली की आमच्या बीदरच्या पठारावर वारा बदलतो. पहाटे भांड्यांच्या पाण्यात हात घालवत नाही, आणि सासूबाई शेगडीशी बसून ‘चळि भाळ अद’ असे दिवसातून दहा वेळा बजावतात. या दिवसांत या सदरात स्वेटर, शाली आणि डिंकाचे लाडू हे विषय ठरलेले. आज मात्र हातमोज्यांवर लिहिणार आहे. कारण एका हिवाळ्यात हातमोज्यांच्या एका जोडीपायी मी माझ्या भाचीचे नुकसान केले, आणि ते कसे केले हे कळायला मला तीन महिने लागले.

ताई हैदराबादला काचीगुड्यात राहते. तिची धाकटी अकरावीत आहे आणि एअर रायफलची नेमबाजी करते. आपल्याकडे मुलीच्या हातात बंदूक म्हटले की अजून भुवया वर जातात, पण हैदराबादेत या खेळाचे आता कुणाला नवल राहिलेले नाही. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफलचे कांस्य मिळवणारा गगन नारंग याच शहरात वाढला. पिस्तुलाची ईशा सिंग तर २०१८ मध्ये अवघ्या तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेती झाली, ती हैदराबादचीच. केंद्रीय विद्यापीठाच्या बाजूला नेमबाजीची रेंज आहे. काचीगुड्याहून तिथे जायचे म्हणजे अख्खे शहर ओलांडायचे. भावोजी सुट्टीच्या दिवशी पहाटे साडेपाचला तिला स्कूटरवर मागे बसवून नेतात. रायफलची पेटी दोघांच्या मध्ये आडवी.

त्या वर्षी डिसेंबरअखेर तिची उत्तरेकडे स्पर्धा होती. तिकडची थंडी म्हणजे आपली थंडी नव्हे. हैदराबादेत पारा १२-१३ अंशांवर आला की लोक कानटोप्या काढतात. बेगमपेठेत १९४६ च्या जानेवारीत तो ६.१ पर्यंत उतरला होता, तो आकडा अजून सांगितला जातो. उत्तरेत तसा आकडा म्हणजे रोजची सकाळ. म्हणून मी मोठ्या मायेने तिबेटी विक्रेत्यांच्या स्टॉलवरून तिच्यासाठी सगळ्यात जाड हातमोजे निवडले. आत कृत्रिम लोकर, बाहेर चकचकीत कापड. तिच्या हाताला जरा घट्ट होत होते. मी म्हटले, घट्टच बरे, वारा शिरणार नाही. वर हेही सांगितले, ‘नेम धरतानासुद्धा काढू नकोस. तुम्हा रायफलवाल्यांना मोजा लागतोच ना, मी टीव्हीवर पाहिलंय.’

‘मावशी, तो थंडीसाठी नसतो गं!’ म्हणून ती हसली होती. पण मन मोडू नये म्हणून जोडी घेऊन गेली.

स्पर्धेत तिचे गुण घसरले आणि पुढच्या फेरीची संधी थोडक्यात गेली. घरी आल्यावर सगळ्यांनी एकच निदान केले : घाबरली. ताई रागावली, एवढा खर्च, एवढा प्रवास. मीही फोनवर ‘मन घट्ट करायला शिक’ असे दोन शब्द ऐकवले. पोरगी काही बोलली नाही. महिनाभर रायफलची पेटी तिने उघडली नाही. त्यानंतर एके दिवशी तिच्या सरांनीच तिला विचारले, की शॉट सुरू होण्याआधीच्या तासात तुझे हात कुठे होते? तेव्हा ती म्हणाली, ‘सर, ट्रिगर कुठे आहे तेच बोटाला कळत नव्हतं.’

हे ऐकल्यावर ताईने मला फोन केला. मी हैदराबादला गेले आणि एक दिवस त्या रेंजवर बसून सरांचे ऐकले. जे कळले ते तुम्हालाही सांगते, कारण नेमबाजी करणारे मूल घरात नसले तरी हात सगळ्यांनाच आहेत.

आधी तो टीव्हीवर दिसणारा मोजा. रायफल नेमबाज तो एकाच हातात घालतात, आणि उजव्या हाताने घोडा ओढणाऱ्याचा तो डावा हात असतो. काम काय, तर रायफलचा भार पेलणे. एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत वजनाची असू शकते. उभ्याने नेम धरताना ती डाव्या मुठीवर टेकते. पन्नास मीटरच्या प्रकारात झोपून किंवा गुडघ्यावर बसून नेम धरला, की पट्ट्याचा ताण हाताच्या पाठीवर येतो. तिथे रबराची गादी नसेल तर हाताला रग लागतेच, शिवाय नाडीचे ठोके रायफलपर्यंत पोहोचतात. आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकले ते याच पन्नास मीटरच्या तीन स्थितींच्या प्रकारात. त्याच्या फोटोंत डावा हात नीट पाहा.

या मोज्यालाही आंतरराष्ट्रीय नियम आहेत हे मला नवीन होते. पुढची आणि मागची बाजू मिळून जाडी १२ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. मनगटाच्या हाडाच्या मध्यापासून ५० मिलिमीटरपेक्षा पुढे तो जाता कामा नये. मनगटाला आवळणारा पट्टा लावायचा नाही. हाताला बाहेरून आधार मिळू नये म्हणून एवढी मोजमापे. तेव्हा पालकांनो, हौसेने शिंप्याकडून किंवा मोच्याकडून असा मोजा शिवून घेणार असाल, तर आधी प्रशिक्षकांना दाखवा. स्पर्धेच्या दारात सामानाची तपासणी होते, तिथे मावशीची माया मोजत नाहीत.

उजवा हात उघडा. पिस्तुलात तर नेमाचा हात पूर्ण उघडाच, मनगटालाही आधार चालत नाही. याचे कारण घोड्यात आहे. एअर पिस्तुलाच्या घोड्याला निदान ५०० ग्रॅमचा दाब लागावा असा नियम आहे. एअर रायफलला तसा नियमच नाही, त्यामुळे तिचा घोडा फुंकर मारल्यागत हलका ठेवता येतो. दहा मीटरवरच्या निशाणावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान. सव्वा तासात ६० शॉट मारायचे. मुलींना पूर्वी ४० असत, २०१८ पासून मुलांइतकेच आहेत. एवढ्या नाजूक कामात बोटाचे अग्र बधिर झाले तर घोडा सुटला कधी हे मनाला उशिरा कळते. बोटावर जाड कापड आले तरी तेच होते.

मग बोट उघडे ठेवून ऊब आणायची कुठून? याचे उत्तर सरांनी बोटाला हात न लावता दिले. ते म्हणाले, हिने त्या दिवशी अंगात काय घातले होते? एक पातळ जाकीट. हातात जाड मोजे आहेत म्हणून स्वेटर तिने बॅगेतच ठेवला होता. आपल्या शरीराची रीत अशी, की छाती-पोट गार पडू लागले की ते हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेते आणि ऊब आतल्या अवयवांसाठी राखते. बोटे सगळ्यात आधी उपाशी राहतात. घरात पैसे कमी पडले की आई स्वतःच्या साडीवर पहिली काट मारते, तसेच. म्हणून बोटे ऊबदार हवीत तर आधी धड, मान आणि डोके झाका.

दुसरी चूक पूर्णपणे माझी. घट्ट मोजा ऊब देत नाही. ऊब धरून ठेवते ती कापडात आणि बोटाभोवती अडकलेली हवा. मोजा आवळला की हवाही जाते आणि रक्तही अडते. त्यात आतली कृत्रिम लोकर, हात घामेजले. पाळी आली तेव्हा तिने मोजे काढले आणि ओल्या हातांनी थंडीत उभी राहिली. घाम सुकताना उरलीसुरली ऊब घेऊन गेला. पोरगी घाबरली नव्हती, तिला मी गारठवले होते.

रात्री ताईकडे जेवताना सासूबाईंचा शब्द आठवला. हातमोज्याला त्या ‘कैगवसु’ म्हणतात. आपला मोजा फारसीतून आला, पायातला मोजा म्हणजे चापून बसायला हवा. कानडीतला गवसु मात्र झाकण घालणारा. मराठीतही तंबोऱ्याला आणि तलवारीला गवसणी असते, आणि गवसणी कधी घट्ट शिवत नाहीत. मी मोजा घेतला होता, घ्यायला हवी होती गवसणी. दोन भाषांच्या घरात राहून एवढे सुचायला उशीर झाला खरा.

आता तिची पद्धत ठरली आहे. अंगात दोन थर, डोक्याला टोपी. हातात लोकरीचा पातळ सैल मोजा आणि त्यावर बोटे एकत्र राहणारा पिशवीसारखा मोजा. पिशवीत बोटे एकमेकांना ऊब देतात, म्हणून सुट्या बोटांच्या मोज्यापेक्षा तो केव्हाही गरम. पाळीच्या आधी वरची पिशवी काढायची, मग आतला मोजा, हात कोरडे पुसायचे, आणि दोन शॉटांच्या मधे उजवा हात खिशात. रायफलचे लोखंड मात्र हात गार करतेच, त्याला इलाज नाही.

आपल्या भागातली कितीतरी मुले सैन्यात आहेत, मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्रच बेळगावला. सियाचिनसारख्या ठिकाणी उघड्या हाताने लोखंडाला हात लावणेही धोक्याचे, कातडी चिकटते. तिथे बोट उघडे ठेवायची चैन नाही. म्हणून अनेक देशांच्या सैन्यांत अंगठा आणि तर्जनी तेवढी वेगळी, बाकी तीन बोटे एका पिशवीत, असे मोजे वापरतात.

राहता राहिले आपले रोजचे हातमोजे. नेमबाजीचा मोजा रोज वापरता येणार नाही, आणि रोजचा रेंजवर चालणार नाही. दोन कामांना एक जोडी शोधण्यात पैसे घालवू नका. दुचाकीवर खरा शत्रू वारा. नुसती विणलेली लोकर वाऱ्यापुढे चाळणी ठरते. बाहेर वारा अडवणारे कापड किंवा कातडे हवे, तळव्याला पकड हवी आणि ब्रेकचा दांडा बोटांना समजला पाहिजे. सकाळी फिरायला जाणाऱ्या आजी-आजोबांना साधी लोकर पुरते. ती थोडी ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही. सुती मोजा भिजला की गार फडके.

स्टॉलवर घेताना टेपने अंगठा सोडून तळव्याचा घेर मोजून जा. मोजा घालून मूठ वळा, सांध्यांवर शिवण ताणली तर एक माप मोठे मागा. मग रुपयाचे नाणे टेबलावरून उचलून बघा आणि स्कूटरची किल्ली फिरवून बघा. दुकानदार हसेल, हसू द्या. आपल्याकडे हिवाळ्यात येणारे हे तिबेटी विक्रेते पुष्कळदा मुंडगोड किंवा बैलकुप्प्याच्या वसाहतींतले असतात आणि कानडी छान बोलतात. सासूबाईंची आणि त्यांची घासाघीस ऐकण्यासारखी असते.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. थंडीत कुणाची बोटे आधी पांढरीफटक, मग निळी आणि ऊब मिळाल्यावर लाल होत असतील, तर मोजे बदलत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवा. तंबाखू-विडीने हा त्रास वाढतो. आणि घरात मधुमेहाचे कुणी असेल तर गारठलेले हात शेगडीवर किंवा कढत पाण्यात धरू देऊ नका. बधिर बोटांना चटका कळत नाही, फोड आल्यावर कळतो. कोमट पाणी, तेही दुसऱ्याने हात घालून बघितलेले.

हे लिहिते आहे कारण त्या मुक्कामात भावोजींचे हात पाहिले. एवढी वर्षे पोरीला पहाटे रेंजवर सोडणारा माणूस, त्याच्या हातमोज्यांचा विचार कुणीच केला नव्हता, त्याने स्वतःही नाही. स्कूटर लावून घरात आले तेव्हा डाव्या हाताची दोन बोटे मेणासारखी पांढरी. ‘अहो भावोजी, हे कधीपासून?’ विचारले तर म्हणाले, ‘नक्को हो, होतंच थंडीत.’ ताईने त्याच आठवड्यात डॉक्टर गाठले. त्यांच्यासाठी मी वारा अडवणारी जोडी घेतली, या वेळी एक माप मोठी. भाची पुन्हा रेंजवर जाऊ लागली आहे. भावोजी मोजेही घालतात, फक्त त्या हातातली घट्ट झालेली लग्नातली अंगठी काढायला काही केल्या तयार नाहीत.